चौथ्या कपाटाची चौकशी

आमच्या वाचनालयात देव चौथ्या कपाटात असतात. पहिल्या तीन कपाटांत कथा-कादंबऱ्या, पाचव्यात विज्ञान, सहाव्यात आरोग्य आणि पाककृती एकत्र, कारण दोन्ही नेणारी माणसं तीच. चौथं कपाट खिडकीला लागून आहे आणि डहाणूची खारी हवा आधी त्यालाच लागते, त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांत अगोदर ओल धरतात ते देव. कसरही तिथेच जास्त. बाकी कपाटांत मी डांबरगोळ्या दोन टाकते, या कपाटात चार.

हे कपाट वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत, एकही पुस्तक न गाळता वाचलेला माणूस मी एकच पाहिला. देवजीकाका. ते आमचे शिपाई, झाडूवाले आणि पुस्तकं बांधणारे होते, आणि माझ्या बारा वर्षं आधीपासून इथे असल्यामुळे खरं तर माझे वरिष्ठही. त्यांना जाऊन दोन पावसाळे झाले. आमचे जुने वाचक जयंतीभाई, चिकूच्या वाडीचे मालक, अजून चौथ्या कपाटापाशी आले की थांबतात आणि म्हणतात, "बेन, देवजीला आता निकाल कळला असेल ने? पण साला कळवत नाही." मग उगाच चष्मा पुसत बसतात.

उंची बेताची, अंगात इस्त्रीचा खाकी शर्ट, खिशात दोन पेनं. एक चालणारं आणि एक मागणाऱ्यांना द्यायचं, म्हणजे न चालणारं. उसनं दिलेलं पेन परत येत नाही हा त्यांचा अनुभव होता आणि या बाबतीत त्यांचा कुणावरही विश्वास नव्हता, माझ्यावरसुद्धा. दुपारी एक ते तीन वाचनालय बंद. तेव्हा काका नाचणीची भाकर आणि सुक्या जवळ्याची चटणी खाऊन, हात साबणाने दोनदा धुऊन पुस्तक उघडत. ओळीखाली बोट, ओठ हलताहेत, आणि मधूनच जिभेचा "च्च" असा आवाज. तो ऐकू आला की मी समजायची, एखाद्या महाराजांचं आज काही खरं नाही.

काकांचं घर गंजाडच्या पुढे, डोंगराच्या अंगाला एका पाड्यावर. वडील भगत होते, आणि साधेसुधे नव्हेत. सुपात तांदूळ टाकून, दाणे निरखून ते आजाराचं कारण सांगत. त्यांच्याकडे पार सायवन आणि उधव्याकडून माणसं येत. वडील गेल्यावर ते सूप काकांकडे आलं. म्हणजे सोमवार ते शनिवार शिपाई आणि रविवारी भगत. मी नवीन असताना माझं कानातलं हरवलं, तेव्हा गमतीने म्हटलं, "काका, दाणे बघा ना." ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "बघतो. पण त्याच्या आधी मॅडम तुम्ही टेबलाचा खण बघा." कानातलं खणातच होतं. आता यात भगत किती आणि शिपाई किती, हे मला कधी कळलं नाही.

हा माणूस वाचायला कसा लागला, याची गोष्ट मी वाचनालयात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. काका पुस्तकं फार सुरेख बांधत. खळ स्वतः शिजवत, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकत. एकदा चौथ्या कपाटातली दोन पुस्तकं एकाच आठवड्यात सुटी झाली. एकात विश्वाची उत्पत्ती होती, दुसऱ्यात व्रतं आणि त्यांचे नैवेद्य. दोन्ही एकाच आकाराची, कागद सारखाच पिवळा. बांधताना नैवेद्यांची सोळा पानं उत्पत्तीत गेली. म्हणजे अंधार होता, पाणी होतं, मग तेजाचा गोळा प्रकटला आणि पान उलटलं की रवा तुपावर मंद भाजावा.

तसंच ते पुस्तक सात-आठ जणांनी घरी नेलं. सगळ्यांनी परत केलं. एकजण तर म्हणाला, वाचून मन तृप्त झालं. वर्षाअखेरीच्या पडताळणीत काकांनी सहज उघडलं आणि त्यांनाच चूक दिसली. आपण पकडले गेलो नाही म्हणून दुसऱ्या कुणाला बरं वाटलं असतं. काका मात्र दिवसभर बेचैन होते. संध्याकाळी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "मॅडम, विश्व झाला, त्याच्यात वेलची टाकली, आन् कोणी इचारलंच नाय?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चौथं कपाट वाचायला घेतलं.

वाचण्याची त्यांची पद्धत चौकशीची होती. सरकारी कचेऱ्यांत पत्रं पोचवून त्यांनी चौकशी म्हणजे काय ते पाहिलं होतं. एक शंभर पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले. कोण बोलतो, त्याने स्वतः पाहिलं का, नसेल तर कोणी सांगितलं, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी "पुढील चौकशी व्हावी" असं असे. एखादी गोष्ट फारच अडली की ते वहीत न मावणारा प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्या पानात ठेवत. त्या चिठ्ठ्या तशाच राहायच्या आणि वाचकांच्या घरी जायच्या.

अशी एक चिठ्ठी जयंतीभाईंच्या घरी पोचली. रोज पहाटे दोन पानं वाचायची हा त्यांचा नेम. त्या पानात एका साधूला देवाने जंगलात दर्शन दिलं आणि त्या वेळी तिथे तिसरं कुणीही नव्हतं, असा मजकूर होता. चिठ्ठीवर काकांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, "हे सांगणाऱ्याला कोणी सांगितलं?"

जयंतीभाई टमटमची वाट न बघता चालत आले. लाल झाले होते. "बेन, हे काय आहे? माझ्या भक्तीमध्ये हा माणूस चिठ्ठी घालतो!" मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका शांतपणे म्हणाले, "शेठ, बसा. पाणी घ्या. चिठ्ठी माझी हाय. पण मना सांगा, तिथं तिसरा कोणी नव्हता ना? मग हा लिहिणारा कुठं बसला होता? झाडावर?"

जयंतीभाईंनी पाणी घेतलं. पुस्तक पुन्हा उघडून वाचलं. शेवटी म्हणाले, "साधूने मागून कुणाला सांगितलं असेल ने."

"असंल. मग तसा लिहायला पायजे होता."

त्या दिवसापासून दोघांचा चारचा चहा एकत्र सुरू झाला. जयंतीभाई देवाची बाजू मांडत, काका उलटतपासणी घेत, आणि मी रजिस्टर भरत असल्याचं नाटक करत सगळं ऐकत असे. जयंतीभाईंनी स्मार्टफोन घेतल्यावर ते रोज सकाळी काकांना देवाचं चित्र आणि सुप्रभात पाठवायला लागले. काका प्रत्येकाला उत्तर देत. कधी "फोटो कोणी काढला?" तर कधी "मागच्या गुरुवारी ह्याच देवाला दोन हात कमी होते." चिडावं तर चिडताही येत नसे, कारण काका हे वाद जिंकायला विचारत नसत. त्यांना खरोखरच माहिती हवी असायची.

एका बाजूचंच वाचलं असं होऊ नये म्हणून त्यांनी पाचव्या कपाटातली देव न मानणाऱ्यांची पुस्तकंही वाचली. तिथेही रकाने, तिथेही चिठ्ठ्या. त्यातल्या एका लेखकावर त्यांचा शेरा होता, "ओरडतो फार."

चौथं कपाट संपायला चार वर्षं लागली. शेवटचं पुस्तक जागेवर ठेवून त्यांनी हात झटकले, तेव्हा मी विचारलं, "मग काका? देव नाही?"

"मी असा कुठं बोललो?"

"मग आहे?"

"मॅडम, पडताळणीत पुस्तक मिळालं नाय तर आपण काय लिहितो? सापडले नाही. पुस्तकच नाही असा लिहितो का? उद्या कोणाच्या माळ्यावर निघंल. मी कपाटभर शोधला. मना सापडला नाय." मग खालच्या आवाजात म्हणाले, "पण जो मना सापडला नाय, तो सुपात दिसतोय असा मी लोकांना कसा सांगू?"

त्या रविवारी त्यांनी सूप आढ्याला टांगून ठेवलं. आलेल्या माणसांना चहा पाजला, तापाच्या माणसांना सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवला आणि भांडणाच्या माणसांना एकमेकांसमोर बसवलं. गंमत अशी की त्याने त्यांची कीर्ती वाढलीच. लोक म्हणायला लागले, देवजी आता दाणे न बघताच सांगतो.

पण एक गोष्ट टांगून ठेवता येण्यासारखी नव्हती. त्यांच्या पाड्यावर नवा भात आधी देवाला वाढला जातो, आणि तो काकांच्या घरी. तिथे वाढून झाल्याशिवाय पाड्यातलं एकही घर नवा दाणा तोंडात घालत नाही. आधी खाल्ला तर कोप होतो. काकांनी याचीही चौकशी करायचं ठरवलं. आश्विनात लवकर पिकणारा हळवा भात घरात आला, तेव्हा आई शेतावर गेलेली पाहून त्यांनी मूठभर तांदूळ शिजवून खाल्ला. वहीत नोंद केली. ती मी नंतर पाहिली. "खाल्ला. वेळ दुपार. लक्षणे काही नाही. चव चांगली."

चौथ्या दिवशी काका कामावर आले नाहीत. पाचव्याही दिवशी नाहीत. सहाव्या दिवशी आले ते बिनइस्त्रीच्या शर्टात, आणि थेट सहाव्या कपाटाकडे गेले. तापावरचं पुस्तक काढलं. बोट ओळीखाली ठेवलं आणि उभ्यानेच वाचायला लागले.

"आईला हिवताप वाटतो, मॅडम. थंडी वाजून येते, अंग तापतं, काय खात नाय." मग भाताची सगळी हकीकत त्यांनी सांगितली. मला आधी हसू आलं आणि त्यांचा चेहरा बघून ते जिरलं.

"काका, तुम्ही एवढं वाचलेले. भात खाल्ल्याने दुसऱ्याला ताप येतो का?"

"नाय येत. मना माहीत हाय नाय येत. पण ताप हाय ना." ते खुर्चीच्या कडेवर टेकले. माझ्या टेबलासमोर ते पहिल्यांदाच बसले. "प्रयोगातच चुकलो मी. कोप खाणाऱ्यावर होत नाय, घरावर होतो. हा मी लिहिलाच नव्हता. माझीच नाडी बघत राहिलो."

खरी अडचण पुढेच होती. म्हातारी दवाखान्यात यायला तयार नव्हती. आधी देवजीने दाणे बघावेत, ताप कशाचा ते सांगावं, मगच ती हलणार. आढ्याचं सूप तिने शेजारच्या पोरीकडून खाली काढून घेतलं होतं.

"मग बघा ना काका! दाण्यांनी दवाखान्यात जा सांगितलं असं म्हणा. एका वाक्याचं काम आहे." मी अगदी घाईने म्हणाले. आजही मला त्यात काही वाईट वाटत नाही, जीव वाचत असेल तर मी दहा दाण्यांची साक्ष काढीन.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "ते एक वाक्य माझ्या बाने बोललं, त्याच्या बाने बोललं. आता मी बोललो तर ही वही कशाला भरली?" आणि लगेच, "पण नाय बोललो आन् आई गेली तर?"

उत्तर दारात थांबून सगळं ऐकत असलेल्या जयंतीभाईंना सुचलं. म्हणजे त्यांनी चिकूचा टेंपो मागवला. "वाद नंतर. आधी चला," म्हणाले. मी वाचनालयाला कुलूप लावलं आणि क्रेटांच्या मधल्या जागेत आम्ही बसलो.

घरात आणि अंगणात मिळून अख्खा पाडा जमला होता. म्हातारी चुलीजवळ गोधडीत, डोळे मात्र लखलखीत. पुढ्यात सूप, सुपात तांदूळ. काका पाय धुऊन येऊन समोर बसले. जयंतीभाईंनी डोळे मिटून हात जोडले, ते कुणाला जोडले ते त्यांनाच ठाऊक.

काकांनी सुपावर हात ठेवला, आणि ते बाजूला सारलं.

"आये, दाणे माझ्याशी बोलत नाय. मना त्यांच्यात काय दिसत नाय. आन् अजून एक. मी नवा भात खाल्ला. वाढायच्या आधी. मुद्दाम खाल्ला, काय होतं का बघायला."

एक बाई "अगो आये" म्हणून तोंडावर हात ठेवून राहिली. पाड्यातले वडीलधारे लखमादादा बिडी विझवून उठून उभे राहिले. आता या माणसाला वाळीत टाकतात, असंच मला वाटलं.

म्हातारीने विचारलं, "किती खाल्लास?"

"मूठभर."

"म्हणून कणगीत कमी झाला! मना वाटला उंदीर. त्या मांजरीला मी उगा झोडपला."

कुणीतरी फिस्सकन हसलं. म्हातारीने गोधडी सारून बसायचा प्रयत्न केला. "तुझा बा दर साल खायचा."

काकांचं तोंड उघडंच राहिलं. "काय?"

"मीच शिजवून द्यायची ना! चाखल्याबिगर देवाला कसा वाढायचा? दाणा पोचट निघाला तर? पाव्हण्याला तरी आपण न चाखता वाढतो का?"

"मग हा तू मना सांगितला का नाय?"

"तू इचारलास कधी? सगळ्या बुकांना इचारत बसलास. मी घरातच होते."

हशा पिकला आणि लखमादादासुद्धा हसत हसत परत खाली बसले. म्हातारीने हात पुढे केला. "चल, उचल मना. तू खरा सांगितलास, आता दवाखान्यात चल." ती टेंपोत पुढे, ड्रायव्हरशेजारी बसली आणि मागे क्रेटांत बसलेल्या आम्हा तिघांना वळून वळून विचारत राहिली, नीट बसलात का म्हणून. हिवतापच होता. आठ दिवसांत बरी होऊन घरी आली.

काकांनी वहीत नवं पान उघडलं, वर "आई" असं लिहिलं, आणि कित्येक संध्याकाळी तिला प्रश्न विचारून भरलं. शेऱ्याच्या रकान्यात एकदा मी वाचलं, "उत्तर देण्याऐवजी जेवायला वाढते."

म्हातारी दवाखान्यात असेपर्यंत पाडा नव्या भातासाठी थांबला होता. ती आल्यावर नैवेद्याचा दिवस ठरला आणि जयंतीभाईंना आणि मला बोलावणं आलं. काकांनी लखमादादांना आधीच सांगून टाकलं होतं की मला देव सापडलेला नाही, तेव्हा वाढायला दुसरा माणूस बघा. दादा म्हणाले होते, "तुझ्या बाला तरी कुठं सापडला होता? सापडला असता तर दर साल हाक कशाला मारली असती? तू पण हाक मार. खोटी नको मारू म्हणजे झाला."

पुढच्याच महिन्यात माझी दुसऱ्या शाखेवर दीड वर्षासाठी नेमणूक झाली, आणि मी परत यायच्या आत काका झोपेतच गेले. म्हणून त्यांची शेवटची आठवण मी धरून आहे ती त्या नैवेद्याच्या दुपारची.

अंगण सारवलेलं. मधोमध पळसाच्या पानावर नवा भात, वाफाळलेला. मागे सगळा पाडा बसलेला, पोरांची नजर हंड्यावर. काका इस्त्रीच्या खाकी शर्टात पानासमोर बसले. खिशात दोन्ही पेनं होती. त्यांनी डोळे मिटले नाहीत. समोर डोंगराकडे जाणाऱ्या पायवाटेकडे बघून, लांबच्या माणसाला मारावी तशी त्यांनी मोठ्याने हाक मारली, "कोणी असशील तर ये. भात झाला हाय. मी चाखलाय, चांगला हाय. जेवून जा."

आणि ते थांबले. मी जन्मभर नैवेद्य पाहत आलेय. आम्ही ताटाभोवती पाणी फिरवतो, घंटा वाजवतो आणि लगेच ताट उचलून जेवायला बसतो. माझ्या घरी मी स्वतः तेच करते. देवाने खरंच यायचं म्हटलं तर त्याला दारापर्यंत पोचायलासुद्धा आम्ही वेळ देत नाही. काका मात्र पायवाटेवरची नजर न काढता, पाहुण्याची बघावी तशी वाट बघत बसले. एवढ्या माणसांत देव न सापडलेले ते एकटेच होते, आणि खरोखर वाट बघणारेही तेच एकटे. जयंतीभाईही वळून त्या पायवाटेकडे बघायला लागले.

भाताची वाफ कमी झाली. पोरं चुळबुळायला लागली. शेवटी म्हातारी म्हणाली, "देवजी, वाढ आता. त्याचा झाकून ठेव."

काकांनी त्या पानावर दुसरं पान उपडं घातलं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर एक दगड ठेवला, आणि हंडा उचलून पोरांच्या पंगतीकडे वळले.